चांदी आणि तांबे : भाऊ सख्खे, भाव वेगळे

कापड बाजारात 'जरी' हा एकच शब्द चालतो. परंतु त्या एका शब्दाखाली निदान दोन धातूंचा माल विकला जातो. एक जरी चांदीची, दुसरी तांब्याची. गिऱ्हाईक विचारते, "जरी खरी आहे ना?" आणि दुकानदार मान हलवतो. खरी म्हणजे कोणत्या धातूची, हे गिऱ्हाइकाने विचारलेले नसते आणि दुकानदाराने सांगितलेले नसते. वीस-पंचवीस वर्षांनी तीच साडी किंवा तोच शरारा जुनी जरी विकत घेणाऱ्याच्या तराजूवर जातो, तेव्हा कुठे उत्तर मिळते. मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या खर्चासाठी ज्या बाईने ती वस्तू पेटीतून काढलेली असते, तिला ते उत्तर फार महाग पडते.

म्हणून चांदी आणि तांबे या दोन धातूंची ओळख आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी नीट करून घेतली पाहिजे. हा विषय केवळ सोनाराचा किंवा शाळेतल्या मास्तरांचा नाही. जरीवाला, जरदोजीवाला, भांडीवाला, मोटार बांधणारा, मिठाईवाला या सगळ्यांचा तो रोजचा विषय आहे.

एकाच घराण्यातले दोघे

उर्दू शाळेत आम्हाला विज्ञानाच्या तासाला मूलद्रव्याला 'उन्सर' म्हणायला शिकवीत. पुढे मराठी पुस्तके हाती आली तेव्हा शब्द बदलले, तक्ता तोच राहिला. त्या तक्त्यात तांबे, चांदी आणि सोने ही तिन्ही एकाखाली एक, एकाच उभ्या रांगेत बसलेली आहेत. तांब्याचा क्रमांक २९, चांदीचा ४७ आणि सोन्याचा ७९. एका रांगेतल्या मूलद्रव्यांचे स्वभाव जुळतात. हे तिन्ही धातू मऊ आहेत, ठोकले की पसरतात, ओढले की तार होते, आणि वीज व उष्णता उत्तम वाहून नेतात. जगात सर्वांत जुन्या काळापासून नाणी आणि दागिने याच तिघांचे होत आले, त्याचे कारण हेच.

आता फरक पाहू. चांदी जड आहे. एक घन सेंटिमीटर चांदीचे वजन सुमारे १०.५ ग्रॅम भरते, तर तेवढ्याच तांब्याचे जवळपास ९ ग्रॅम. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांब्याला १,०८५ अंश लागतात. तांबे चांदीपेक्षा थोडे कठीण आहे. रंगाचा फरक तर लहान मूलही सांगेल. पण मुलामा चढवला की रंग बोलायचा थांबतो, म्हणून व्यापाऱ्याने वजनाकडे पाहावे. १०० ग्रॅम शुद्ध चांदी पाण्यात बुडवली तर ती साडेनऊ मिलिलिटर पाणी बाजूला सारते. १०० ग्रॅम तांबे ११ मिलिलिटरहून थोडे जास्त सारते. मापाचे बारीक भांडे आणि चांगला काटा असेल तर पोकळ नसलेल्या, खडा किंवा लाख नसलेल्या वस्तूचा अंदाज घरबसल्या येतो. लोहचुंबकाचा मात्र येथे उपयोग नाही. चुंबक चांदीलाही चिकटत नाही आणि तांब्यालाही नाही. चुंबक चिकटला नाही म्हणजे चांदी खरी, असे जो सांगतो तो अर्धेच सांगतो.

दोघांच्या दोस्तीची एक गंमत आहे. शंभरात सुमारे ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे एकत्र केले तर तो मिश्र धातू ७८० अंशांच्या आसपासच वितळतो, म्हणजे दोघांपैकी कोणाहीपेक्षा आधी. म्हणूनच चांदी-तांब्याच्या मिश्रणाचा उपयोग डाख देण्यासाठी होतो. फ्रीज आणि एअरकंडिशनच्या तांब्याच्या नळ्या जोडणारे आपले कारागीर चांदी असलेल्या काड्या वापरतात, त्या याच जातीच्या.

शिवाय शुद्ध चांदी इतकी मऊ असते की तिचा रोजच्या वापराचा दागिना टिकत नाही. म्हणून सोनार तिच्यात तांबे घालतो. ९२५ चा शिक्का म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. उरलेले ७५ भाग बहुधा तांबे. या मिश्रणाला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण शिक्का सगळे सांगतो. मिसळणे हा गुन्हा नव्हे, लपवणे हा गुन्हा आहे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

वीज कोण चांगली नेतो?

विजेच्या बाबतीत सगळ्या धातूंत पहिला नंबर चांदीचा, दुसरा तांब्याचा. फरक मात्र थोडा आहे. चांदी तांब्यापेक्षा साधारण पाच-सहा टक्के वीज अधिक सुलभतेने नेते. भावाचा फरक पाहा : २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांब्याने टनाला १०,००० डॉलरची रेषा ओलांडली, म्हणजे किलोला आठशे-नऊशे रुपये, आणि चांदी २०२५ मध्ये किलोला एक लाख रुपयांच्या पुढे गेली. शंभरपटीहून अधिक पैसे देऊन पाच-सहा टक्क्यांचा फायदा कोण घेईल? म्हणून मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या मोटारी तांब्याच्या तारेने बांधल्या जातात, चांदीच्या नव्हे.

भावातल्या या अंतराचे मूळ जमिनीत आहे. जगभरच्या खाणींतून वर्षाला तांबे दोन कोटी टनांहून अधिक निघते, तर चांदी २५ हजार टनांच्या आसपास. चांदीचा मोठा हिस्सा तर तांबे, शिसे आणि जस्त यांच्या खाणींत जोडउत्पादन म्हणून मिळतो. तांब्यात चिली हा देश पहिला, चांदीत मेक्सिको. आपल्याकडे तांब्याच्या खाणी राजस्थानात खेत्री, झारखंडात घाटशिला आणि आपल्या गोंदियाच्या पलीकडे मध्य प्रदेशात मलांजखंड येथे आहेत. चांदी प्रामुख्याने राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या खनिजातून निघते. दोन्ही धातू देशाला पुरत नाहीत आणि बाहेरून आणावे लागतात. म्हणून डॉलर हलला की भांडीवाल्याचा आणि जरीवाल्याचा भावही हलतो.

एकदा मात्र उलटे घडले. दुसऱ्या महायुद्धात १९४२ नंतर अमेरिकेत अणुबॉम्बच्या कामासाठी ओक रिज येथे प्रचंड विद्युतचुंबक बांधायचे होते. तांबे तोफगोळ्यांच्या कवचांसाठी लागत होते आणि त्याचा तुटवडा होता. तेव्हा सरकारी खजिन्यातून सुमारे १४ हजार टन चांदी उसनी घेऊन तिच्या पट्ट्या केल्या व त्या तांब्याच्या जागी वापरल्या. काम संपल्यावर ती चांदी तोलून परत केली. शेवटची खेप १९७० मध्ये खजिन्यात जमा झाली. चांदी तांब्याचे काम करू शकते, हे त्यातून दिसले. हिशेब ठेवला तर अमानत परत करता येते, हेही दिसले.

आज सौरऊर्जेच्या पत्र्यांवर ज्या बारीक रेषा दिसतात त्या चांदीच्या असतात. चांदी महागली तसे कारखानदार त्या जागी तांबे आणू लागले आहेत. काही कारखाने तांब्याच्या कणांवर चांदीचा थर चढवून ती पेस्ट वापरतात. जरीवाल्याला यात नवे काही वाटणार नाही, कारण सुरतेचे कारागीर नकली जरीत हेच करत आले. फरक इतकाच की सौर कारखान्याच्या मालावर 'चांदी चढवलेले तांबे' असे लिहून येते.

हवा, घाम आणि आंबट

धातूचा खरा स्वभाव जुना झाल्यावर कळतो. चांदीला हवेतल्या प्राणवायूचा त्रास जवळपास होत नाही. तिचे वैर गंधकाशी आहे. गंधकाचा अंश असलेल्या हवेत ती पिवळी पडते, मग काळी होते. तांबे आधी तपकिरी, मग काळपट होते आणि ओल व घाम लागला की त्यावर हिरवा थर येतो. म्हणून जुन्या जरीवर काळेपणा आला असेल तर चांदी असण्याची शक्यता धरावी. हिरवट डाग किंवा तांबूस झाक दिसली तर आत तांबे आहे असे समजावे. चांदीतही थोडे तांबे असू शकते, म्हणून हा पुरावा नव्हे, इशारा आहे.

यातूनच जपणुकीचे नियम निघतात. भरजरी कपड्यावर अत्तर किंवा सेंट थेट मारू नये. रबर बँड लावू नये, कारण रबरात गंधक असते. लोकरीच्या शालीबरोबर घडी ठेवू नये, लोकरीतही गंधक असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, त्यापेक्षा जुने धुतलेले मलमल बरे. वर्षातून दोन वेळा घडी मोडून दुसरीकडे घालावी, म्हणजे तार एकाच जागी तुटत नाही. हे नियम दुकानदाराने गिऱ्हाइकाला माल देताना सांगितले तर त्याचे काही जात नाही आणि गिऱ्हाईक आयुष्यभर नाव काढते.

देग, पेला आणि वरख

खाण्यापिण्याच्या भांड्यांत आपल्या घरात तांब्याचे राज्य आहे. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणेपिणे शरीअतने मना केले आहे, त्यामुळे श्रीमंत मुस्लिम घरातही देग, सुराही आणि तबक तांब्याचे किंवा पितळेचे राहिले. तांब्याची देग उत्तम, कारण उष्णता सगळीकडे सारखी पसरते व बिर्याणी एका जागी करपत नाही. उष्णता नेण्यात चांदी थोडी पुढे आहे, पण तांबे तिच्या अगदी पाठोपाठ आहे.

तांब्याचा दोष आंबटाशी. ताक, चिंच, टोमॅटो, दही तांब्यात राहिले की कळकते आणि ते पोटात गेले की उलट्या होतात. म्हणून नवसागर आणि कथिल घेऊन कल्हईवाला लागतो. कल्हई गेलेली देग लग्नाच्या जेवणावळीसाठी भाड्याने देणे म्हणजे दुसऱ्याच्या पोटाशी खेळणे आहे. नुसते पाणी ठेवण्यासाठी मात्र तांबे चांगले. तांब्याच्या पृष्ठावर अनेक जंतू टिकत नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तांब्याच्या मिश्र धातूंना जंतुनाशक म्हणून नोंदवले. चांदीतही तो गुण आहे, म्हणून भाजलेल्या जखमेवरच्या मलमात चांदीचे संयुग असते.

मिठाईवरचा वरख मात्र चांदीचाच हवा. खाद्य सुरक्षेच्या नियमाप्रमाणे त्याची शुद्धता हजारात ९९९ असावी लागते. येथे तांबे चालत नाही. खरा वरख बोटावर घासला तर विरून जातो. ॲल्युमिनियमचा असेल तर त्याची बारीक गोळी होते.

दोघांना एकत्र पाहायचे असेल तर बिदरी काम पाहावे. बिदरचे कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार बसवतात आणि बिदरच्या जुन्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात ते टाकतात. भांडे काळे होते, चांदी पांढरीच राहते. प्रत्येक धातूचा स्वभाव ओळखून त्याला त्याची जागा दिली, म्हणून ते हुनर जगभर गेले.

तांब्याला हुकमाने चांदी करता येत नाही

ज्या मोहम्मद बिन तुघलकाने राजधानी आपल्या दौलताबादला आणली, त्यानेच १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढून त्यांना चांदीच्या टंक्याची किंमत दिली. बादशहाचा हुकूम होता, पण धातू तांबेच होता. लोकांनी घरोघरी तशी नाणी पाडली, व्यापाऱ्यांनी ती घेण्याचे नाकारले आणि शेवटी खजिन्यातून सोने-चांदी देऊन ती नाणी परत घ्यावी लागली.

पुढे शेरशाह सुरीने १५४० ते १५४५ या आपल्या छोट्या कारकिर्दीत व्यवस्था सरळ केली. रुपया चांदीचा, १७८ ग्रेन वजनाचा, पैसा तांब्याचा. चांदी चांदीच्या जागी, तांबे तांब्याच्या जागी. ती घडी शतकानुशतके चालली. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया एक तोळा वजनाचा झाला. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आणली, १९४७ मध्ये ती पूर्ण गेली आणि निकेलचा रुपया आला. यावेळी लोकांनी बंड केले नाही, कारण फरक कायद्याने जाहीर होता. जुने रुपये साठवणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावे : १९३९ पर्यंतचा रुपया आणि १९४० नंतरचा रुपया दिसायला जुळे असले तरी चांदीच्या हिशेबाने जुळे नाहीत.

चांदीचा हिशेब आपल्याला आणखी एका कारणाने लागतो. जकातीचा निसाब चांदीत साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम धरला जातो. तांब्यावर धातू म्हणून जकात नाही. पण ते दुकानातला विक्रीचा माल असेल तर त्याच्या किमतीवर आहे. तांबे मिसळलेल्या चांदीत चांदीचा भाग अधिक असेल तर हनफी फिकहमध्ये ती चांदीच समजतात. घरातल्या भरजरी कपड्यांबाबत आपापल्या आलिमांना विचारावे. पण विचारण्यापूर्वी त्यात चांदी किती आहे हे तरी माहीत हवे.

आता जरीचे

असली जरी अशी होते : चांदीची कांडी पोलादी पट्टीच्या लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत केसासारखी तार करतात. ती दाबून चपटी केली की बादला. बादला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की कलाबतू. त्यावर सोन्याचा पातळ मुलामा चढतो. म्हणजे जिला लोक सोन्याची जरी म्हणतात तिचे अंग चांदीचे आणि सोने फक्त पांघरूण असते.

नकली जरीत अंग तांब्याचे. तांब्याच्या तारेवर विजेच्या साह्याने चांदीचा पातळ थर देतात, धागा सुती किंवा कृत्रिम असतो, वर सोनेरी रंग. तिसरा प्रकार प्लॅस्टिकच्या चमकत्या पट्टीचा. त्यात या दोन्ही धातूंचा संबंधच नाही. ती हलकी व स्वस्त असते आणि जाळली की वितळून तिची गाठ होते.

बाजारात तांब्याच्या जरीला 'टेस्टेड जरी' म्हणण्याची पद्धत आहे. व्यापाऱ्याला त्याचा अर्थ कळतो. गिऱ्हाइकाला मात्र वाटते की 'टेस्टेड' म्हणजे तपासून खात्री केलेली, अर्थात असली! शब्द खोटा नाही, पण समज खोटी होते. ज्या शब्दामुळे गिऱ्हाइकाची समज खोटी होते आणि आपण ती होऊ देतो, त्या शब्दात बरकत कशी राहील?

गिऱ्हाइकांत एक समज अशी आहे की जरी खरवडल्यावर आत लाल दिसले तर माल असली. दुसऱ्याने सांगितलेले असते की लाल दिसले तर नकली. दोघेही अर्धे बरोबर आहेत. दक्षिणेकडच्या असली जरीत आतला रेशमी धागा लाल रंगवलेला असतो. तो लाल दिसला तर हरकत नाही. पण तारच घासून लालसर धातू चमकला तर ते तांबे. लाल धागा वेगळा आणि लाल धातू वेगळा, हे भिंगाखाली पाहूनच सांगावे.

पक्की खात्री सोनाराकडे होते. नत्राच्या तेजाबात तांब्याची तार टाकली की पाणी निळे-हिरवे होते. चांदी विरघळली तर पाणी रंगहीन राहते आणि त्यात मिठाचे पाणी टाकताच दह्यासारखा पांढरा साका येतो. या तेजाबाचा धूर विषारी आहे, दुकानात प्रयोग करू नये. सराफांकडे आता क्ष-किरणांचे यंत्र असते, ते धातूंचे प्रमाण लगेच दाखवते. पण ते वरवरचा भाग अधिक वाचते. मुलाम्याच्या मालात थोडी तार घासून मगच दाखवावी.

आणखी एक गैरसमज दूर व्हावा. 'सिल्क मार्क' रेशमाची खात्री देतो आणि 'हँडलूम मार्क' हातमागाची. जरी चांदीची की तांब्याची, याविषयी दोन्ही चिन्हे काही बोलत नाहीत. २००५ पासून चांदीच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क आला. साडीच्या काठाला तो शिक्का नाही. म्हणजे कपड्यातल्या धातूबद्दल गिऱ्हाइकाजवळ पुरावा एकच राहतो, तो म्हणजे आपले बिल.

बिलावर एक ओळ

तांब्याची जरी वाईट नाही. ज्या घरात चांदीची जरी परवडत नाही, त्या घरातली मुलगीही लग्नात चमकते ती तांब्याच्या जरीमुळे. आपल्या जरदोजी कारागिरांच्या कित्येक चुली तिच्यावर चालतात. तांबे घरात वीज आणते, देगेत जेवण शिजवते, मागाची मोटार फिरवते. त्याने लाजण्याचे कारण नाही आणि त्याला चांदीचे नाव देण्याचेही कारण नाही.

म्हणून व्यापारी बांधवांना सूचना एवढीच. बिलावर 'जरी' या शब्दापुढे धातूचे नाव लिहावे : चांदीची, तांब्याची किंवा प्लॅस्टिकची. चांदीची असेल तर विणकराकडून किंवा जरीवाल्याकडून चांदीचे प्रमाण लेखी घ्यावे आणि तेच गिऱ्हाइकाला द्यावे. कारागिरानेही ऑर्डर घेताना कोणती तार वापरणार ते चिठ्ठीवर लिहावे, म्हणजे पुढे तक्रार झाली तर दोष त्याच्या माथी येत नाही. आणि जुनी जरी विकत घेणाऱ्यांनी वजन करण्याआधी तपासणी गिऱ्हाइकासमोर करावी, पडद्यामागे नव्हे.

एका ओळीला शाई किती लागते? पण त्या ओळीमुळे वीस वर्षांनी पेटी उघडणाऱ्या बाईला आपल्याजवळ काय आहे हे आधीच माहीत असेल, आणि तराजूसमोर तिला मान खाली घालावी लागणार नाही.